पद्मिनीच्या गाइडांची चार दशके

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली फियाट, जिला १९७४ पासून पद्मिनी हे नामाभिधान प्राप्त झाले, ती मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची म्हणून सर्वांस ठाऊक असली, तरी डहाणू तालुक्यात वरोर, चिंचणी, वाणगाव या परिसरातील चिकूच्या बागाईतदारांच्या आणि डॉक्टरांच्या दारीही तिने दीर्घकाळ वास्तव्य केले. आणि ज्या दुखण्याने तिला पुनःपुन्हा मिस्त्रीच्या हवाली केले, ते व्हॉल्व्हच्या गाइडांच्या, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यांतून वरखाली सरकतो त्या नळ्यांच्या, झिजेचे होते.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीने सकाळी सुरू होताच निळ्या धुराचा लोट सोडावा, पुढे तो विरून जावा, आणि उतारावर पाय उचलून पुन्हा दाबताच परत दिसावा, ही त्या दुखण्याची लक्षणे. परंतु धूर दिसला की रिंगा गेल्या असा निकाल देण्याचा सरसकट प्रघात पडला होता, आणि त्यापायी धडधाकट पिस्टनही अकारण बाहेर निघत. वस्तुतः रॉकरचे टोक व्हॉल्व्हला नुसते खाली दाबत नाही, किंचित बाजूलाही ढकलते. या अखंड तिरक्या रेट्याने गाइडचे भोक दोन्ही तोंडांशी लंबगोल होते, इनटेककडून तेल सिलिंडरात ओढले जाते, आणि एक्झॉस्टकडे दांड्यातून गाइडवाटे हेडमध्ये उतरणारी उष्णता अडल्याने व्हॉल्व्हच जळू लागतो.

पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे, गाइड बिडाचे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, म्हणून जाणते मिस्त्री हेड एकसारखे तापवून, पायरी पाडलेल्या पंचाने जुने गाइड सरळ रेषेत काढीत, आणि भोकाहून यत्किंचित जाड असलेले नवे गाइड थंड ठेवून बसवीत. थंड हेडवरच हातोडा चालवणाऱ्यांनी मात्र भोकेही खरवडून ठेवली. मग रीमर फिरवून माप साधायचे, आणि दांडा व गाइड यांतली मोकळीक मिलिमीटरच्या काही शतांशांचीच ठेवायची. खरी कसोटी याच्याही पुढे होती. व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती सीट कापणाऱ्या हत्याराचा पायलट, म्हणजे मधला दांडा, गाइडच्या भोकात उभा राहतो, तेव्हा सीटचा मध्य गाइडवरूनच ठरतो. गाइड बदलले की तो मध्य केसभर तरी सरकतो, आणि सीट नव्याने कापल्यावाचून काम पुरे होत नाही. नुसती पेस्ट फिरवून हेड चढवले, तर धूर थांबतो, पण कॉम्प्रेशन जाते. मिस्त्रीची पारख माझ्या मते याच टप्प्यावर व्हावी.

वरोर-वाढवण भागात दागिन्यांच्या डाय कोरणाऱ्या कारागिरांची घरे आहेत. बारीक मापाचे मोल त्या गावांना कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. कमतरता होती ती यंत्रांची. जून १९९१ मध्ये केंद्र सरकारच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला, नव्या मोठ्या उद्योगांना बांध बसला, बागांच्या दृष्टीने ते इष्टच झाले. मात्र हेड उतरवणे गावात आणि सीट कापणे बोईसरच्या औद्योगिक वसाहतीच्या आसऱ्याने, अशी कामाची विभागणी स्वाभाविक ठरली, आणि एकाच हाताने काम आदीपासून अंतापर्यंत नेण्याची रीत त्यात मागे पडली.

१ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाविरहित पेट्रोल आले. शिशाचा जो पातळ लेप एक्झॉस्टच्या सीटचे रक्षण करी तो नाहीसा झाला, त्यामुळे गाइडांसाठी हेड उघडले की अधिक कठीण सीट बसवून घेण्याचा सल्लाही रास्त ठरू लागला. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. खाजगी गाड्या जपणारे अद्याप आहेत. तयार गाइड न मिळाल्यास ते कांस्याच्या दांड्यातून लेथवर घडवून घेता येतात. कांसे बिडापेक्षा उष्णता लवकर वाहून नेते, परंतु त्याची मोकळीक बिडाच्या मापाने ठेवून चालत नाही, आणि ही मापे बहुधा जुन्या मिस्त्रींच्या डोक्यातच असतात. ती वहीत उतरवून घेण्याची तजवीज मालकांनी हेड उघडेल त्याच वेळी करावी.