कुऱ्हाडबंदी कोण पाळतं?

समाज समजून घेताना : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण सामाजिक प्रमाणक म्हणजे काय ते पाहिलं. समूहाने घालून दिलेली वागण्याची रीत, जी मोडली तर काहीतरी सोसावं लागतं. व्याख्या पाठ करायला सोपी आहे, पण ती खऱ्या गावात लावून पाहिली की प्रश्न सुरू होतात. म्हणून आज हिवरे बाजार.

नगर तालुक्यातलं हे गाव बहुतेक वाचकांना ऐकून तरी ठाऊक आहे. पर्जन्यछायेचा पट्टा, वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, १९७२ च्या दुष्काळानंतरची ओढग्रस्त वर्षं, उघडेबोडके डोंगर, दारू, भांडणं, कामासाठी बाहेर पडलेली माणसं. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गाव राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेत आलं आणि शेजारच्या पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीला आधी रुजलेले नियम इथेही स्वीकारले गेले: नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. नंतर पाण्याची शिस्त आली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही. पाऊस किती पडला ते मोजायचं, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, पिण्याचं पाणी आधी राखायचं आणि उरलेल्यात काय पेरता येईल ते ठरवायचं.

हे सगळं कौतुकाने अनेकदा लिहिलं गेलं आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र कौतुकाच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा. डोंगरावर कोणी बघत नसताना माणूस कुऱ्हाड का चालवत नाही?

पहिलं उत्तर भीतीचं: दंड होईल, चारचौघांत नाव निघेल. दुसरं हिताचं: झाडं राहिली तर माती राहील, पाणी मुरेल, विहिरीला उतरेल. तिसरं उत्तर सगळ्यांत खोल आहे: तसं करायचं त्याच्या मनातच येत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९५ मध्ये ‘सामाजिक तथ्य’ ही कल्पना मांडली ती याच संदर्भात. व्यक्तीच्या बाहेर असणारी, तिच्या आधीपासून असणारी आणि तिच्यावर दाब आणणारी गोष्ट म्हणजे सामाजिक तथ्य. हिवरे बाजारमध्ये २००० नंतर जन्मलेल्या मुलाने कुऱ्हाडबंदीला ग्रामसभेत हात वर करून मंजुरी दिलेली नाही. त्याला ती डोंगरासारखीच आयती मिळाली. त्याच्या आजोबांसाठी तो एक निर्णय होता, कदाचित वाद घालून घेतलेला. एकाच घरात, एकाच नियमाचे हे दोन वेगळे अर्थ आहेत, आणि प्रश्नावलीत ‘तुम्ही कुऱ्हाडबंदी पाळता का?’ एवढंच विचारलं तर दोघांचं उत्तर ‘हो’ असंच येईल.

म्हणजे कोणती पद्धत वापरायची हे प्रश्नावरून ठरतं. किती जण पाळतात हे हवं असेल तर मोजणी करा. का पाळतात हे हवं असेल तर बसा, ऐका, सोबत रानात जा.

मोजणीपासून सुरुवात करू. गावाने १९९५ मध्ये केलेल्या पाहणीत १८० पैकी १६८ कुटुंबं गरीब निघाली. पंधराएक वर्षांत हा आकडा तीनवर आल्याचं सांगितलं जातं. आकडा थक्क करणारा आहे, आणि मला तो खरोखर महत्त्वाचा वाटतो. पण गरीब कोणाला म्हणायचं? इथे गावाने स्वतःचे निकष लावले: दोन वेळचं पोटभर जेवण, मुलांची शाळा, आजारपणाचा खर्च. यातलं जे कुटुंब भागवू शकत नाही ते गरीब. ‘गरिबी’ ही मोठी, धूसर कल्पना मोजता येईल अशा खुणांमध्ये उतरवण्याला समाजशास्त्रात कार्यात्मक व्याख्या म्हणतात. पाठ्यपुस्तकांत तिची उदाहरणं कोरडी असतात. ग्रामसभेने केलेलं हे उदाहरण मी कुठल्याही वर्गात आधी सांगेन, कारण व्याख्या करण्याचा अधिकार इथे ज्यांच्याबद्दल ती आहे त्यांनी हातात घेतला.

तरीही या मोजणीचं एकक कुटुंब आहे. कुटुंब गरिबीतून वर आलं म्हणजे त्यातली प्रत्येक व्यक्ती सारखी वर आली का? चराईबंदीनंतर जनावरं गोठ्यात बांधून चारा कापून आणायचा, हे काम घरात कोणाच्या वाट्याला आलं? कुटुंबाला एकक धरलं की हा प्रश्न दिसतच नाही. दरडोई उत्पन्नाचे आकडेही तसेच. १९९५ चे आठशे-साडेआठशे रुपये आणि पंधरा-वीस वर्षांनंतरचे तीसएक हजार यांची तुलना करताना मधल्या काळातली महागाई वजा करावी लागते. उरते ती वाढही मोठीच आहे. पण वजाबाकी केल्याशिवाय आकडा लिहू नये.

महाराष्ट्राला गावांच्या अशा अभ्यासाची जुनी परंपरा आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ चं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरमध्ये जमिनीचे तुकडे, कर्ज आणि मजुरी घरोघर मोजून १९१७ मध्ये त्याचं पुस्तक केलं. आज तिथे उंच इमारती आहेत. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर किती कर्ज होतं हे आपल्याला कळतं, ते कोणीतरी नीट मोजून ठेवलं म्हणून.

आता कारणाकडे. हिवरे बाजार बदललं ते कशामुळे? नेतृत्वामुळे, योजनेच्या पैशामुळे, डोंगरउतारावर पाणी अडवणाऱ्या समतल चरांमुळे, की नियमांमुळे? एकाच गावाकडे पाहून हे ठरवता येत नाही, कारण सगळं एकाच वेळी घडलं. तुलना लागते: तेवढाच पाऊस, तशीच जमीन, पण ही योजना नसलेलं गाव. आणि इथे एक सापळा आहे. आदर्श गाव योजनेत येण्यासाठी गावाला आधी हे नियम मान्य करावे लागत. म्हणजे जी गावं एकत्र बसून काही ठरवू शकत होती तीच योजनेत आली. मग यश योजनेचं मानायचं, की आधीपासून असलेल्या त्या एकत्र बसण्याचं? त्याच योजनेतली सगळी गावं हिवरे बाजार झाली नाहीत, यावरून एवढं तरी दिसतं की निधी हे पुरेसं कारण नव्हे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावरच्या कामासाठी. सामाईक कुरण, पाणी, मासे लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांतून दाखवलं. त्यांच्या निष्कर्षांतला एक इथे अगदी चपखल बसतो: ज्यांना नियम पाळायचा आहे त्यांचा तो करण्यात हात असला पाहिजे.

सगळ्यांत अवघड भाग मुलाखतीचा. हिवरे बाजार बघायला वर्षानुवर्षं देशभरातून माणसं येतात. तेच प्रश्न, तीच उत्तरं. अशा गावात उत्तर पाठ झालेलं असतं, आणि सांगणारा खोटं बोलत नसतो. तो गावाची गोष्ट सांगतो, त्याची स्वतःची मागे राहते. तिथवर पोचायला दिवसाची भेट पुरत नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात महिनोन्‌महिने राहिले, याला सहभागी निरीक्षण म्हणतात. तिथूनच ‘प्रभुत्वशाली जात’ ही संकल्पना आली. गावात एकमत दिसतं तेव्हा ते कोणाच्या सोयीचं आहे, हे विचारायला तिने शिकवलं.

हिवरे बाजारमध्ये हा प्रश्न मी शेळ्या राखणाऱ्याच्या दारात विचारेन. ज्याच्याकडे शेत आहे, विहीर आहे, त्याला चराईबंदीचा लाभ पाण्याच्या रूपाने परत मिळतो. ज्याच्याकडे जमीनच नाही आणि चार शेळ्या होत्या, त्याने आधी सोडलं किती आणि नंतर मिळवलं किती? गवत वाढलं, दूध वाढलं, गावातच मजुरी मिळू लागली, बाहेर गेलेली कुटुंबं परतली. कदाचित हिशेब त्याच्याही बाजूने लागेल. पण तो त्याच्याकडून ऐकल्याशिवाय मांडलेला हिशेब मी मानणार नाही. प्रिया संगमेश्वरन यांनी या गावावर केलेलं संशोधन समन्यायाचा हाच धागा धरून पुढे जातं, आणि आदर्श गावाबद्दलचं माझ्या मते ते सर्वांत उपयोगी वाचन आहे.

एक घटना इथे नोंदवायला हवी. तीनेक दशकं बिनविरोध होत आलेल्या या ग्रामपंचायतीत जानेवारी २०२१ मध्ये मतदान झालं. पोपटराव पवारांच्या पॅनलने सातही जागा जिंकल्या. काहींना निवडणूक झाली हेच गावाला गालबोट वाटलं. माझं मत उलटं आहे. बिनविरोध निवडीत संमती आणि मौन वेगळे काढता येत नाहीत, मतपेटीत येतात. त्या जानेवारीत गावाच्या संमतीचा मोजता येणारा पुरावा प्रथमच हाती आला.

या आठवड्यासाठी काम देतो. तुमच्या गावातला, सोसायटीतला किंवा चाळीतला एक नियम निवडा. तो कधी, कोणी केला हे इतिवृत्तात शोधा. मग तिघांना विचारा: नियम करणारा, तो करताना हजर नसलेला, आणि ज्याला तो महागात पडतो असा एक जण. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा, स्वतःचं मत वेगळ्या पानावर. हे तिघे निवडताना तुम्ही कोणाला वगळलंत तेही लिहा, कारण पुढच्या लेखांकाचा विषय तोच आहे: नमुना निवड.