परत पाठवलेले रक्तदाते

नशिराबादला आमच्या वस्तीत मागे एका जयंतीला विहारासमोर रक्तदान शिबिर होतं. मांडव, खाटा, बाबासाहेबांची प्रतिमा, सगळं वेळेवर लागलं होतं. बायकांची रांग पुरुषांच्या रांगेइतकीच लांब झाली, याचा मला फार आनंद झाला. पण तासाभरात त्या रांगेतल्या बहुतेक जणी बोटाला कापसाचा बोळा धरून परत फिरल्या. पौर्णिमेला नेसायची पांढरी साडी नेसून एक मावशी आल्या होत्या. तपासणी करणारा मुलगा मान वर न करता सगळ्यांदेखत म्हणाला, "रक्त कमी आहे. चला, पुढच्या."

मावशी माझ्याकडे आल्या. "ताई, माह्या अंगात रगतच नाही म्हनतात ते. मंग मी जिती कशी हाये वं?"

पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत. त्यांची सूनही आली नाही.

आपल्या वस्तीतले लोक रक्त द्यायला पुढे येत नाहीत, असं कोणी म्हटलं की मला ती रांग आठवते. माणसं येतात. त्यांना परत का पाठवलं, हे कोणी समजावून सांगत नाही. परत कधी यायचं, हेही सांगत नाही. यातल्या बऱ्याच अडचणी आपल्याच विहार समितीने आणि जयंती मंडळाने सोडवण्यासारख्या आहेत. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला.

निळ्या पाण्यातला थेंब

शिबिरात बोट टोचून रक्ताचा एक थेंब निळ्या पाण्यात टाकतात. ते मोरचुदाचं पाणी असतं. थेंब झपकन तळाला गेला तर हिमोग्लोबिन पुरेसं आहे, वरच तरंगत राहिला तर कमी आहे. रक्तदानासाठी स्त्री असो की पुरुष, हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम लागतं. डॉक्टरी हिशोबाने बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं तर तिला रक्तक्षय म्हणतात. म्हणजे जिचं १२.२ आहे ती आजारी नाही, तरी तिचं रक्त घेत नाहीत. यात तिचा अपमान काही नाही. दिल्यावर तिलाच त्रास होऊ नये, यासाठी तो नियम आहे.

पण खरी गोष्ट याच्या पुढची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. निम्म्याहून जास्त! त्या रांगेतून परत गेलेल्या आपल्या बहिणी याच आकड्यात आहेत. सकाळी चहा-खारी, दुपारी कामावर डब्यातली भाकरी, रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं. वरून दर महिन्याची पाळी, एकामागून एक बाळंतपणं. मग थेंब तरंगणार नाही तर काय?

म्हणून शिबिरात ज्या बाईला परत पाठवलं, तिच्यासाठी ते शिबिर म्हणजे फुकटात झालेली तपासणी समजा. तिने चार दिवसांत जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिनचा नेमका आकडा काढून घ्यावा. लोहाच्या लाल गोळ्या तिथे मोफत मिळतात. डॉक्टरांनी सांगितल्या तर त्या जेवणानंतर घ्या, चहाबरोबर घेऊ नका. चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू, आवळा, पेरू मदत करतात. शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळ्या सोडू नका. कळण्याची भाकरी, बाजरी, शेवग्याचा पाला, हरभऱ्याची भाजी, शेंगदाणे, आणि खात असाल तर कलेजी, हे आपल्या घरातलंच औषध आहे.

एक सावधगिरी मात्र घ्या. घरात कोणाला सिकलसेल असेल तर आधी ती तपासणी करा, मगच गोळ्या सुरू करा. सिकलसेल फक्त सातपुड्यातल्या आदिवासी भावांचा आजार नाही. विदर्भात आपल्या समाजात तो मोठ्या प्रमाणात आहे, आणि लग्नसंबंध तर सगळीकडे होतात.

"आज नको" म्हणजे "कधीच नको" नाही

हिमोग्लोबिन पुरेसं असूनही काहींना परत पाठवतात. कारण सांगितलं नाही की माणूस घरी जाऊन म्हणतो, माझ्या रक्तात खोट निघाली. मग शेजारी कुजबुज सुरू होते. म्हणून कारणं आधीच माहीत असलेली बरी.

आपल्या तरुणांची एक गंमत दरवर्षी पाहते. १२-१३ एप्रिलला हातावर "जयभीम" गोंदवून घ्यायचं आणि १४ ला बाही वर करून रक्त द्यायला यायचं. डॉक्टर ताजं गोंदण बघतात आणि परत पाठवतात. गोंदवल्यावर किंवा कान-नाक टोचल्यावर वर्षभर रक्त देता येत नाही, कारण सुईतून कावीळ किंवा एचआयव्हीची लागण झाली असेल तर ती तपासणीत दिसायला वेळ लागतो. बाबासाहेबांचं नाव हातावर हवंच असेल तर आधी रक्त द्या, मग गोंदवा.

वजन किमान ४५ किलो लागतं. मलेरिया झाला असेल तर बरं झाल्यावर तीन महिने थांबावं लागतं. बाळंतपणानंतर वर्षभर आणि पाळीच्या दिवसांत बायकांनी देऊ नये. उपाशीपोटी देऊ नये. चार तासांच्या आत काहीतरी खाल्लेलं हवं. ज्यांनी पौर्णिमेला अष्टशील घेतलं आहे आणि दुपारनंतर जेवत नाहीत, त्यांनी त्या संध्याकाळी रांगेत उभं राहू नये. दुसऱ्या दिवशी जेवून या. शील कुठेच मोडत नाही.

रात्रपाळी करून, न झोपता आलेल्यालाही परत पाठवतात. जळगावच्या एमआयडीसीत दालमिल आणि चटईच्या कारखान्यांत पाळीने जाणारे आपले किती भाऊ आहेत! सुटल्यावर तसेच शिबिरात येतात. भावना मोठी, पण अंगाला झोप हवी.

रोज बुडवून दान

सगळ्यात मोठी अडचण मात्र कोणत्याच फॉर्मवर लिहिलेली नसते. ती रोजाची. लांब पल्ल्याची गाडी चालवणाऱ्याने किंवा जड अंगमेहनत करणाऱ्याने रक्त दिल्यावर पुढच्या कामापर्यंत २४ तासांचं अंतर ठेवावं, असं नियमच सांगतो. नियम बरोबर आहे. हायवेवर स्टिअरिंग धरून चक्कर आली तर काय होईल, हे नशिराबादकरांना सांगायला नको. पण त्या दिवसाची हजेरी कोण भरून देणार? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला रक्तदानासाठी विशेष किरकोळ रजा मिळते. हमाली करणाऱ्याला, केळीच्या गाडीवर घड भरणाऱ्याला, शेतात निंदायला जाणाऱ्या बाईला ती कुठली?

जळगावला जाऊन द्यायचं म्हटलं तर दहाएक किलोमीटर जाणं, येणं, रिक्षाचं भाडं, आणि रक्तकेंद्रात फॉर्म, तपासणी, वाट पाहणं. सुई तर दहा मिनिटांचं काम. बाकी अर्धा दिवस असाच जातो.

यावर उपाय एकच. शिबिर माणसांच्या वेळेला हवं, पाहुण्यांच्या वेळेला नको. कामावरून माणसं परततात तेव्हा, आठवडी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, विहारातच ठेवा. रात्री जेवून झोपायचं, दुसऱ्या दिवशी सुट्टी. रोज बुडत नाही, २४ तासही पाळले जातात.

एकाच दिवशी सगळं

१४ एप्रिलला शिबिरं भरतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण थोडा हिशोब करू. साध्या साठवणीत लाल रक्तपेशी ३५ दिवस टिकतात. म्हणजे १४ एप्रिलचं रक्त १९ मेपर्यंत. पुरुषाला पुन्हा रक्त देण्यासाठी ९० दिवस थांबावं लागतं, म्हणजे १३ जुलै. बाईला १२० दिवस, म्हणजे १२ ऑगस्ट. मधला काळ कसा जातो? मे महिन्यात खान्देशात ऊन पंचेचाळीसला टेकतं, कॉलेजं बंद, पोरं गावाला, लग्नसराई. अपघात आणि बाळंतपणं मात्र सुट्टी घेत नाहीत. पावसाळ्यात डेंग्यू आला की प्लेटलेट्स लागतात आणि त्या पाचच दिवस टिकतात.

म्हणून माझी सगळ्या मंडळांना विनंती आहे. सगळ्यांनी १४ एप्रिललाच देऊ नका. निम्म्यांची नावं लिहून घ्या आणि त्यांना बुद्धपौर्णिमेच्या आसपासच्या रविवारी बोलवा. ३१ जुलैला आपण धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या आठवणीसाठी जमतो, तेव्हा १४ एप्रिलला दिलेल्या पुरुषांचे ९० दिवस उलटून गेलेले असतात. वर्षावासात तर विहारात रोज ग्रंथवाचनाला माणसं जमतातच. आणि ६ डिसेंबर आहेच. जुलैत दिलेल्या बायकांनाही त्या दिवशी पुन्हा देता येतं. आपलं कॅलेंडर रक्तदानासाठी किती सोयीचं आहे बघा, फक्त वाटून घ्यायला हवं.

"आधी दाता आणा"

दुसरी बाजूही सांगायला हवी. वॉर्डात नोकरी करत असताना मी हे कितीदा पाहिलं. रात्री अकरा वाजता बाळंतिणीच्या नवऱ्याला सांगतात, आधी दाता आणा, मग पिशवी. तो बिचारा मोबाईलवर सगळ्या वस्तीला फोन लावत फिरतो. त्या जागेचं नाव मी घेत नाही, कारण हे एकाच जागी होत नाही.

आपले हक्क माहीत असू द्या. रक्ताची विक्री करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. रक्तकेंद्र घेतं ते फक्त तपासणी आणि प्रक्रियेचं शुल्क. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णाला रक्त मोफत आणि बदली दाता न मागता द्यायचं असतं. सरकारी दवाखान्यात बाळंतपणासाठी लागणारं रक्तही २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. कुठल्या रक्तकेंद्रात कोणता गट शिल्लक आहे, हे ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. विहारात एखाद्या शिकलेल्या पोराने हे पाहून ठेवलं तर त्या नवऱ्याची रात्रीची पायपीट वाचेल.

आणि कोणी रक्तदात्याला "कुठल्या वाड्यातले?" असं विचारलं, तर शांतपणे सांगा की फॉर्ममध्ये तो रकाना नाही. हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या रेडक्रॉसने आधी काळ्या लोकांचं रक्त घ्यायचंच नाकारलं. १९४२ पासून घेतलं, पण वेगळं ठेवलं, वेगळ्या चिठ्ठ्या लावून. ज्यांनी तिथे रक्त साठवण्याची व्यवस्था उभी केली, ते डॉ. चार्ल्स ड्रू स्वतः काळे होते. या भेदाला शास्त्राचा आधार नाही, असं ते उघड बोलले. १९५० मध्ये रेडक्रॉसने ती पद्धत सोडली. चवदार तळ्याच्या पाण्याला शिवू न देणारा मनुष्य आणि पिशवीवर चिठ्ठी लावणारा मनुष्य यांच्यात फरक तो काय? ऑपरेशनच्या टेबलावर मात्र दोघेही गट जुळतो का, एवढंच विचारतात.

विहार समितीने एवढं करावं

१. शिबिराच्या महिनाभर आधी बायकांची हिमोग्लोबिन तपासणी ठेवावी. ज्यांचं कमी आहे त्यांना आरोग्य केंद्रात घेऊन जावं.

२. परवाना असलेल्या रक्तकेंद्रालाच बोलवावं. तपासणी आडोशाला व्हावी, आणि कोणाला परत पाठवलं तर कारण आणि परत यायची तारीख चिठ्ठीवर लिहून द्यावी, असं आधीच ठरवून घ्यावं.

३. वर कुठली कारणं चालत नाहीत ती मोठ्या अक्षरांत लिहून विहाराच्या फलकावर लावावीत.

४. दात्यांची वही ठेवावी: नाव, गट, रक्त दिल्याची तारीख, पुढची तारीख. वही एकाच जबाबदार माणसाकडे असावी. कोणाच्या तपासणीची गोष्ट चावडीवर जाऊ नये.

५. भर उन्हात मंडपाखाली शिबिर नको. रक्त दिल्यावर पंधरा मिनिटं बसवावं, पाणी आणि खाऊ द्यावा. लगेच मिरवणुकीत नाचायला सोडू नये.

त्या पांढऱ्या साडीतल्या मावशींना मी नंतर आरोग्य केंद्रात नेलं. काही महिने त्यांनी गोळ्या घेतल्या. चढताना लागणारा दम कमी झाला, चक्कर थांबली. आकडा १२ च्या जवळ आला, १२.५ ला पोहोचला नाही. त्यांचं रक्त अजूनही घेतलेलं नाही. पण आता शिबिरात वही त्यांच्याकडे असते. अक्षर जरा वाकडं आहे, तारीख मात्र चुकत नाही. कोणी पोरगी तोंड पाडून परत निघाली की त्या तिला शेजारी बसवतात आणि म्हणतात, "मले पन धाडलं होतं परत. बस, लिंबूपानी घे. कवा यायचं ते लिहून देते."

जयभीम.