नांगराखाली गेलेले थडगे

इंग्लंडच्या आग्नेय भागात केंट नावाचा परगणा आहे. तेथून वाहणाऱ्या मेडवे नदीच्या दोन्ही बाजूंस नवाश्मयुगीन लोकांनी प्रचंड शिळांची थडगी बांधली. त्यांपैकी एकाची ही हकीकत आहे.

इसवी सनापूर्वीचे चौथे सहस्रक. त्या प्रदेशात शेती नुकतीच सुरू झाली होती. धातू अजून कोणास ठाऊक नव्हता. अशा काळी लोखंडी पहारीवाचून माणसांनी सार्सेन नावाच्या अतिकठीण वालुकाश्माच्या शिळा ओढून आणल्या, त्या उभ्या करून दालन रचले आणि त्यास जोडून मातीचा लांबट उंचवटा घातला. हे थडगे एकट्यादुकट्यासाठी नसे. जवळच्याच कोल्ड्रम येथील थडग्यात किमान १७ माणसांच्या अस्थी सापडल्या आहेत. मेलेल्यांसाठी एवढे श्रम करणारे ते लोक स्वतः कशा घरांत राहत, याच्या खुणा मात्र फारच थोड्या उरल्या आहेत!

एल्सफर्ड गावाजवळचे असेच एक थडगे शेताखाली दडून राहिले होते. १८२२ साली नांगरणी चालू असता नांगर दगडांना अडू लागला. मजुरांनी दगड उपटून काढले, तो खाली माणसांची हाडे दिसली. मेडस्टन शहरातून क्लेमेंट स्माइथ आणि थॉमस चार्ल्स या दोघा पुराणवस्तूंच्या अभ्यासकांस बोलावण्यात आले. त्यांना हाडांबरोबर खापराचे तुकडेही आढळले. पुढे शिळा हलविण्यात आल्या व शेत मोकळे झाले. पाच हजारांहून अधिक वर्षे टिकलेली वास्तू सापडताक्षणीच नष्ट झाली. शेतकऱ्याला तरी दोष कसा द्यावा? त्याच्या दृष्टीने तो नांगराचा अडथळाच होता, आणि तो काढू नये असे सांगणारा कायदाही तेव्हा नव्हता. तसा कायदा ६० वर्षांनी, १८८२ साली झाला. जवळच्याच टेकडीवरील किट्स कोटी या थडग्यास त्याचे संरक्षण लाभले. त्याच्या तीन उभ्या शिळा व त्यांवरील आडवी शिळा आजही तशीच आहे.

स्माइथने मात्र पाहिलेले सारे लिहून ठेवले होते. ते त्याने छापले नाही. कागद तसेच पडून राहिले. सव्वाशे वर्षांनी, १९४८ साली, जॉन इव्हान्स या संशोधकाने त्यांवरून त्या थडग्याची माहिती प्रसिद्ध केली. आज त्या शेतात एकही शिळा दिसत नाही. अभ्यासक त्या थडग्यास ‘स्माइथची महाशिळा’ म्हणतात.