शेवटच्या नऊ सामन्यांचे गणित



वर्गातला एखादा मुलगा वर्षभर चाचण्यांत काठावर पास होतो आणि शेवटच्या दोन चाचण्यांत एकदम ऐंशीच्या वर गुण मिळवतो. शिक्षक म्हणतात, "आता हा अभ्यासाला लागला." शेजारी बसणारा मित्र म्हणतो, "छे, पेपरच सोपे होते." तिसरा म्हणतो, "नशीब, दुसरे काय!" तिघांपैकी बरोबर कोण? नुसता वाद घालून हे ठरणार नाही. त्यासाठी आकडे हवेत, आणि आकड्यांना प्रश्न कसे विचारावेत हेही ठाऊक हवे. दोन-चार चाचण्यांचे गुण अशा हिशेबाला अपुरे पडतात. म्हणून आज आपण फुटबॉलच्या मैदानावर जाऊ. तेथे प्रत्येक सामन्याची आणि प्रत्येक गोलाची नोंद असते.

तळाचा संघ उठतो

इंग्लंडमधील प्रीमियर लीग या स्पर्धेत २० संघ असतात. प्रत्येक संघ इतर १९ संघांशी दोनदा खेळतो. एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या. म्हणजे प्रत्येकाचे ३८ सामने होतात. विजयाला ३ गुण, बरोबरीला १ आणि पराभवाला ०. हंगाम संपला की तळाच्या ३ संघांना खालच्या श्रेणीत जावे लागते. ही केवळ नामुष्की नसते. संघाचे उत्पन्न घटते, चांगले खेळाडू सोडून जातात आणि प्रशिक्षकाची नोकरी धोक्यात येते.

२०१४-१५ च्या हंगामात लेस्टर सिटी हा संघ याच संकटात होता. २१ मार्च २०१५ रोजी टॉटनहॅमकडून तो ३-४ असा हरला. तेव्हा २९ सामने झाले होते. लेस्टर तक्त्यात अगदी तळाला होता आणि सुरक्षित जागेपासून ७ गुणांनी मागे होता. त्यानंतर जे घडले ते पाहा.

पहिले २९ सामने : विजय ४, बरोबरी ७, पराभव १८. गुण १९. केलेले गोल २७, स्वीकारलेले गोल ४८.

शेवटचे ९ सामने : विजय ७, बरोबरी १, पराभव १. गुण २२. केलेले गोल १९, स्वीकारलेले गोल ७.

२९ सामन्यांत मिळाले नव्हते त्याहून अधिक गुण ९ सामन्यांत मिळाले! एकूण ४१ गुणांसह लेस्टर १४ व्या स्थानावर आला आणि वाचला. आता आपला प्रश्न असा : हा संघ खरोखर सुधारला होता, की केवळ योगायोगाने असे घडले?

एक घाईचा हिशेब

पहिल्या २९ पैकी ४ सामने जिंकले, म्हणून सामना जिंकण्याची संभाव्यता ४/२९ धरू. मग ९ पैकी ७ किंवा अधिक सामने जिंकण्याची संभाव्यता किती? द्विपद प्रमेय वापरून उत्तर येते सुमारे ३८,००० मध्ये १. हे पाहून कोणीही म्हणेल, "योगायोग अशक्य!"

पण थांबा. या हिशेबात आपण एक गोष्ट गुपचूप गृहीत धरली आहे. ४/२९ हीच संघाची खरी ताकद, असे आपण मानले. २९ सामन्यांत संघाचे नशीबच वाईट असेल तर? नाणे २९ वेळा उडवले आणि छाप ९ वेळाच पडला, तर नाणे खोटे आहे असे आपण लगेच म्हणत नाही. एका हंगामातील सामन्यांवरून खरी ताकद अचूक कळत नाही; तिचा अंदाज तेवढा करता येतो.

अडतीस चिठ्ठ्या

यापेक्षा चांगला मार्ग तुम्ही घरी करून पाहू शकता. ३८ सारख्या चिठ्ठ्या कापा. ११ चिठ्ठ्यांवर 'विजय', ८ वर 'बरोबरी' आणि १९ वर 'पराभव' लिहा. हा लेस्टरचा सबंध हंगाम झाला. आता चिठ्ठ्या डब्यात घालून नीट हलवा आणि न पाहता ९ काढा. संघाची ताकद वर्षभर एकसारखी होती आणि निकालांचा क्रम केवळ योगायोगाचा होता, असे मानले तर शेवटचे ९ सामने म्हणजे या ९ चिठ्ठ्याच होत. त्यांत विजयाच्या किती येतात?

सरासरीने ११ × ९ ÷ ३८, म्हणजे २.६. बहुतेक वेळा तुम्हाला २ किंवा ३ मिळतील. ७ किंवा त्याहून अधिक मिळण्याची संभाव्यता ३८ मधून निवड करण्याच्या सूत्राने काढता येते. ती येते सुमारे १,३५५ मध्ये १. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने ३४ वेळा चिठ्ठ्या काढल्या, तर सबंध वर्गात मिळून असा प्रसंग सरासरीने एकदा येईल.

३८,००० वरून आपण १,३५५ वर आलो. आकडे तेच, फक्त गृहीतक बदलले. तरीही १,३५५ मध्ये १ ही संभाव्यता लहानच आहे. मग योगायोग बाद झाला का? अजून नाही.

नऊच सामने का?

आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी एक दृश्य दिसते. विद्यार्थी लंबकाची दहा वाचने घेतो आणि पहिली चार खोडतो. विचारले तर म्हणतो, "सर, तेव्हा हात बसला नव्हता." खरे कारण असे असते, की ती चार वाचने उत्तराशी जुळत नसतात! आकडे पाहून झाल्यावर रेघ कोठे मारायची हे ठरवले, की मनासारखे उत्तर मिळते.

आपणही तेच केले. टॉटनहॅमशी झालेला पराभव संपताच आपण रेघ मारली, कारण विजयांची रांग तेथून सुरू होते हे आपल्याला आधीच ठाऊक होते. रेघ एक सामना अलीकडे सरकवून शेवटचे १० सामने घेतले, तर तीच संभाव्यता सुमारे ४६० मध्ये १ होते. शेवटचे १२ घेतले तर ९१ मध्ये १. कारण आधीच्या त्या तीन सामन्यांत एकही विजय नव्हता.

दुसरी गोष्ट, आपण लेस्टरच का निवडला? तो गाजला म्हणून. इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी व फ्रान्स या पाच देशांच्या वरच्या श्रेणीत मिळून दरवर्षी शंभराच्या आसपास संघ खेळतात. १,३५५ मध्ये १ इतकी दुर्मीळ घटना त्यांच्यात केवळ योगायोगाने तेरा-चौदा वर्षांतून एकदा घडेल. ती घडली की आपण तिच्यावरच लेख लिहितो. बाकीच्या संघांकडे कोणी पाहत नाही. सोडतीचे बक्षीस कोणाला तरी लागतेच. ज्याला लागले त्याच्याकडे बोट दाखवून "याच्यात काही खास आहे" असे म्हणणे बरोबर नव्हे.

चिठ्ठ्या सारख्या होत्या का?

चिठ्ठ्यांच्या खेळात सर्व चिठ्ठ्या एकाच आकाराच्या हव्यात. सामने मात्र तसे नसतात. घरच्या मैदानावर जिंकणे सोपे असते, हे फुटबॉलमध्ये पूर्वीपासून माहीत आहे. लेस्टरच्या शेवटच्या ९ सामन्यांपैकी ६ घरच्या मैदानावर होते. पहिल्या २९ मध्ये मात्र १३ च. शिवाय या ९ प्रतिस्पर्ध्यांपैकी ६ संघ हंगामाच्या अखेरीस तक्त्याच्या खालच्या अर्ध्या भागात होते. खरा बलाढ्य संघ एकच आला, विजेता चेल्सी; आणि त्याच्याकडून लेस्टर १-३ असा हरला. म्हणजे "पेपर सोपे होते" असे म्हणणारा मित्र अगदीच चुकीचा नव्हता.

नशिबाचाही वाटा होता. वेस्ट हॅम व वेस्ट ब्रॉम यांच्याविरुद्धचे निर्णायक गोल सामना संपता संपता झाले. २५ एप्रिलला बर्नलीविरुद्ध प्रतिस्पर्ध्याची पेनल्टी गोलखांबाला लागली आणि सुमारे मिनिटभरातच जेमी वार्डीने दुसऱ्या टोकाला गोल केला. लेस्टर १-० ने जिंकला. चेंडू वीतभर आत गेला असता तर?

गोल मोजू या

विजय मोजण्यापेक्षा गोल मोजणे चांगले, कारण त्यांची संख्या मोठी असते. येथे भौतिकशास्त्रातील एक नियम उपयोगी पडतो. गायगर गणकाने किरणोत्सारी पदार्थाचे कण मोजताना 'न' कण आढळले, तर त्यांत साधारण √न इतकी चढउतार अपेक्षित असते. गोलही जवळजवळ असेच अधूनमधून, अनियमितपणे होतात.

पहिल्या २९ सामन्यांत २७ गोल. √२७ म्हणजे ५.२. म्हणून दर सामन्याला ०.९३ गोल, त्यात ०.१८ इतकी अनिश्चितता. शेवटच्या ९ सामन्यांत १९ गोल. √१९ म्हणजे ४.४. म्हणून दर सामन्याला २.११ गोल, अनिश्चितता ०.४८. दोन्ही दरांतील फरक १.१८ आहे. दोन्ही अनिश्चिततांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे ०.५२ येते. म्हणजे फरक अनिश्चिततेच्या २.३ पट आहे. स्वीकारलेल्या गोलांचा असाच हिशेब तुम्ही करून पाहा, तेथेही २.३ च येईल.

दोन पटीच्या वर फरक असला की लक्ष द्यावे, पण लगेच डंका पिटू नये. कणांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ तर ५ पट फरक दिसल्याशिवाय नवा कण सापडला असे जाहीर करत नाहीत.

खरी कसोटी : पुढचे वर्ष

ज्या आकड्यांवरून शंका सुचली, त्याच आकड्यांवरून ती सिद्ध करता येत नाही. त्यासाठी नवे आकडे हवेत. लेस्टरच्या बाबतीत ते मिळाले, आणि जग थक्क झाले. २०१५-१६ मध्ये लेस्टर ८१ गुण मिळवून चक्क विजेता ठरला! मग "शेवटच्या नऊ सामन्यांतच हे दिसत होते" असे म्हणायचे का?

दुसरे उदाहरण घ्या. २०१३-१४ मध्ये संडरलँडचे ३२ सामन्यांत २५ गुण होते. शेवटच्या ६ सामन्यांत त्यांनी १३ गुण मिळवले आणि ३८ गुणांसह ते वाचले. पुढच्या वर्षी त्यांचे गुण किती? पुन्हा ३८ च. त्या झपाट्याचा मागमूसही उरला नाही.

लेस्टरचेही सबंध चित्र पाहा. दर सामन्याला मिळालेले गुण असे : २०१४-१५ च्या शेवटच्या ९ सामन्यांत २.४४, विजेतेपदाच्या वर्षी २.१३, आणि २०१६-१७ मध्ये ४४ गुणांसह १.१६. त्या तिसऱ्या हंगामात, फेब्रुवारी २०१७ मध्ये, विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी यांना काढून टाकण्यात आले. अतिशय चांगल्या किंवा अतिशय वाईट कामगिरीनंतर पुढची कामगिरी बहुधा सरासरीकडे झुकते. आईवडील व मुले यांच्या उंचीचा अभ्यास करताना फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली हेच दाखवले होते. असामान्य यशात कर्तृत्वाबरोबर नशिबाचाही वाटा असतो. कर्तृत्व पुढच्या वर्षीही सोबत येते, नशीब येईलच असे नाही.

तेव्हा आपले उत्तर काय? २०१५ च्या वसंतात लेस्टर बहुधा सुधारला होता; मात्र ९ सामन्यांचे आकडे दाखवतात तितका नव्हे. सोपे सामने, घरचे मैदान, थोडे नशीब आणि थोडी खरी सुधारणा, असा तो मिलाफ होता. 'थोडी' म्हणजे किती, हे नऊ सामने सांगू शकत नाहीत.

आता आपल्या वर्गातल्या त्या मुलाकडे परत येऊ. दोन चाचण्यांवरून त्याला हुशार ठरवू नका. आणि पुढच्या चाचणीत गुण थोडे उतरले, तर "डोक्यात हवा गेली" असेही म्हणू नका. कदाचित ते फक्त सरासरीकडे परतणे असेल. शिक्षकांनाही माझी हीच विनंती आहे. मुलाला ओरडल्यावर गुण वाढले, म्हणजे ओरडण्याने वाढले असे होत नाही. तळ गाठलेले गुण बहुधा आपोआपही वर येतात. कोणावरही शिक्का मारण्याआधी अडतीस चिठ्ठ्यांचा डबा एकदा हलवून पाहावा.