लातूर: बाजारपेठ, रेल्वे आणि पाऊस

लातूर म्हटलं की तूरडाळ आठवते, ‘लातूर पॅटर्न’ आठवतो आणि 2016 ची पाण्याची रेल्वेही आठवते. या रेल्वेपाशी शहराचा इतिहास, दळणवळण आणि हवामान एकत्र येतात, म्हणून आज तिच्याबद्दल बोलू.

आधी थोडा इतिहास. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरचे स्वामी’ म्हणवून घेत; ते लट्टलूर म्हणजे हेच लातूर, असं मानलं जातं. पुढे हा भाग निजामाच्या राज्यात होता, तो 1948 मध्ये भारतात आला. स्वतंत्र जिल्हा झाला 1982 साली, उस्मानाबादमधून वेगळा होऊन. पण आजचं शहर वाढलं ते बाजारपेठेवर. गंजगोलाईत उभं राहिलं की चहूबाजूंना फुटणाऱ्या पेठा दिसतात, आणि गावाचा पिंड व्यापाऱ्याचा आहे हे लक्षात येतं.

व्यापार म्हटला की वाहतूक आलीच. 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. ही छोटी गाडी 1911 मध्ये लातूरला पोचली. दुसऱ्या बाजूला पंढरपूरवरून 1927 मध्ये मिरजेपर्यंत गेली. हा मिरज-लातूर मार्ग लक्षात ठेवा.

आता पावसाकडे वळू. लातूरची वार्षिक सरासरी साधारण 750 ते 800 मिलिमीटर. म्हणजे हे काही वाळवंट नव्हे. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग. पाऊस एखाद्या वर्षी भरपूर, तर एखाद्या वर्षी निम्म्यावर. खाली बेसाल्टचा कातळ, त्यात पाणी मुरायला आणि साठायला जागा कमी. शहराची भिस्त मांजरा धरणावर, आणि त्याच खोऱ्यात ऊसही वाढत गेला. 2014 आणि 2015 असे लागोपाठ दोन पावसाळे कमी झाले, आणि धरण आटलं. पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली.

मग 11 एप्रिल 2016 ला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी निघालं. सुमारे 340 किलोमीटर अंतर कापून गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. मार्ग कोणता? तोच, जुन्या बार्शी लाइटचा! तो ब्रॉडगेज झाला होता म्हणूनच एवढ्या जड वाघिणी तिथून जाऊ शकल्या. शेतमाल बाहेर नेणाऱ्या वाटेने कृष्णेचं पाणी आत आलं.

पण एक साधा हिशेब करून बघा. पुढे 50 वाघिणींची गाडी सुरू झाली, म्हणजे एका खेपेला 25 लाख लिटर. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 3 लाख 80 हजारांच्या वर. म्हणजे माणशी साडेसहा लिटर, अर्धा हंडाही नाही! रेल्वेने धीर दिला, हे खरंच. पण शहर रेल्वेवर जगू शकत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये धो-धो पाऊस झाला आणि धरण भरलं. आपण सुटकेचा श्वास टाकला, आणि विसरलोही. माझं म्हणणं एवढंच आहे: धरण भरलेलं असतं तेव्हाच पिण्याचं पाणी किती राखायचं आणि उसाला किती द्यायचं, हे ठरवावं लागतं. ते आटल्यावर ठरवायला काही उरत नाही.