चित्रपट-उद्योग व शासन

चित्रपट-उद्योग व शासन : चित्रपटाची निर्मिती, वितरण व प्रदर्शन यांवरील शासकीय नियंत्रण आणि या उद्योगास मिळणारे शासकीय उत्तेजन. भारतात ही सत्ता विभागलेली आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार चित्रपटास प्रदर्शनार्थ मंजुरी देणे हा संघसूचीतील विषय (नोंद ६०) असून चित्रगृहांचे नियमन (नोंद ३३) राज्यसूचीत येते. करमणूक करही (नोंद ६२) राज्यांकडेच सोपविण्यात आला. परिणामी चित्रपट दाखवावा की नाही हे केंद्र ठरवी, तर त्याच्या तिकिटावरील उत्पन्न राज्याच्या तिजोरीत जाई. बीडसारख्या जिल्ह्यांतून हिंडणाऱ्या फिरत्या तंबूंनाही हा दुहेरी अंमल चुकत नसे.

नियंत्रण आधी आले, उत्तेजन फार नंतर. १९१८ च्या चलच्चित्र अधिनियमान्वये १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास आदी शहरी अभ्यवेक्षण (सेन्सॉर) मंडळे काम करू लागली. परकीय सत्तेला राजकीय आशयाची धास्ती होती, हे त्यामागील मुख्य कारण. १९२३ मध्ये मुंबई प्रांताने करमणूक कर बसविला. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या अधिनियमाने पूर्वपरीक्षणाची पद्धत कायम ठेवली आणि ख्वाजा अहमद अब्बास यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली ती वैध ठरविली. २०२३ च्या दुरुस्तीने वयोगटांचे अधिक सूक्ष्म वर्गीकरण केले. तत्पूर्वी २०२१ मध्ये अपील न्यायाधिकरण मात्र रद्द झाले होते, त्यामुळे निर्मात्यास आता थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. लहान निर्मात्याला हा खर्च परवडणारा नव्हे.

स. का. पाटील समितीने (१९४९–५१) उद्योगास भांडवल व प्रशिक्षण पुरविण्याची शिफारस केली. तथापि चित्रपट वित्त निगम आणि पुण्यात, प्रभातच्या चित्रपटनिर्मितिगृहाच्या जागेत, प्रशिक्षण संस्था स्थापन होण्यास १९६० साल उजाडले.

मराठी चित्रपटाच्या दृष्टीने निर्णायक पाऊल महाराष्ट्र शासनाने १९७५ साली उचलले. चित्रपटावर वसूल झालेला करमणूक कर त्याच्या निर्मात्यास पुढील मराठी चित्रपटासाठी परत देण्याची ही योजना होती. मराठी चित्रपटाची बाजारपेठ मर्यादित, आणि एकाच चित्रगृहात त्याची हिंदी चित्रपटाशी स्पर्धा. अशा स्थितीत कराचेच भांडवल करण्याची ही कल्पना चतुर होती. मात्र तिच्यात एक अंगभूत दोष होता. परतावा तिकीटविक्रीच्या प्रमाणात मिळत असल्याने ज्याचा चित्रपट आधीच चालला त्यालाच साहाय्य मिळे. धाडसी परंतु अयशस्वी प्रयोगाच्या वाट्याला काहीच येत नसे. शिवाय परताव्यासाठी पुढचा चित्रपट काढणे भाग असल्याने यशस्वी सूत्राचीच पुनरावृत्ती करण्याचा मोह वाढला. पुढे परताव्याऐवजी परीक्षण समितीने ठरविलेल्या दर्जानुसार अनुदान देण्याची पद्धत आली. तीत ‘अ’ दर्जाच्या चित्रपटास ४० लक्ष व ‘ब’ दर्जाच्या चित्रपटास ३० लक्ष रुपये अशी तरतूद होती. येथे मापदंड तिकीट-खिडकीवरून समितीच्या मतावर आला, एवढाच फरक.

१९७७ साली गोरेगाव (मुंबई) येथे चित्रनगरी उभारण्यात आली. निर्मितीची सोय अशी वाढली, तरी प्रदर्शनाचा प्रश्न शिल्लक राहिला. २०१५ साली बहुपडदा चित्रगृहांत मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखविण्याची सक्ती जाहीर झाली, तेव्हा चालकांच्या विरोधामुळे ‘मोक्याची वेळ’ दुपारी १२ ते रात्री ९ अशी ताणावी लागली. १ जुलै २०१७ पासून राज्याचा करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन झाला.