39 टक्के, आणि पुढे?

परीक्षेत 39 मार्क पडले तर तुम्ही काय करता? रडून झालं की आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता. कुठल्या प्रश्नाला किती दिलेत, बेरीज चुकलीय का, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, हे बघता. मग रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरता आणि पेपर दुसऱ्या परीक्षकाकडे जातो. ज्यांनी 39 दिले त्यांच्याच टेबलावर तो पुन्हा ठेवला, तर तुम्ही चालवून घ्याल?

आता हाच 39 चा आकडा मार्कशीटवर नाही, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर आहे असं समजा.

माझ्या हॉस्टेलमधल्या एका मित्राचं हेच झालं. बारावीनंतरच्या सुट्टीत बाइकचा अपघात झाला. उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही आणि उजव्या मनगटात पूर्वीची ताकद राहिली नाही. वडील त्याला घेऊन जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला गेले. बोर्डाचा दिवस, व्हरांडाभर रांग, पहाटेच्या एसटीने आलेली माणसं. दुपारी दीडला नंबर लागला. "पाय वाकव. मूठ आवळ. झालं, जा." दोन मिनिटंही लागली नाहीत. काही आठवड्यांनी प्रमाणपत्र आलं. त्यावर 39 टक्के.

घरात एकच वाक्य, "एक टक्का द्यायला डॉक्टरांचं काय जात होतं?" गावात दुसरं, "काहीतरी हातावर ठेवायला पाहिजे होतं." मित्र मात्र गप्प. मला म्हणाला, "मी 39 टक्के आहे म्हणजे नक्की काय आहे, हेच मला कळत नाहीये."

40 ला एवढं काय आहे?

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. त्यातल्या बऱ्याचशा लाभांसाठी किमान 40 टक्क्यांची अट आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांमधल्या 5 टक्के राखीव जागा, सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण, ही दारं 40 ला उघडतात. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनला तर 80 टक्के लागतात. यूडीआयडी कार्डाचे रंगसुद्धा यावरूनच ठरतात. 40 च्या आत पांढरं, 40 ते 80 पिवळं, त्यावर निळं.

म्हणजे 39 आणि 40 मध्ये गुडघ्याचा फरक जवळजवळ शून्य, पण हातात येणाऱ्या कार्डाचा रंगच वेगळा. रेष कुठेतरी मारावीच लागते, हे मान्य. पण मग ती रेष ज्या मोजमापावर उभी आहे, ते तपासून घ्यायची सोय तरी हवी की नको?

25 आणि 20 म्हणजे 45 नाही

मित्राने आधी फोटोकॉपीवालाच मार्ग धरला. मोजणीचा तपशील मिळावा म्हणून हॉस्पिटलमध्ये साधा लेखी अर्ज दिला. दोन हेलपाट्यांनंतर कागद मिळाला. पायाचे 25 टक्के, हाताचे 20 टक्के. वडील उखडलेच. "25 आणि 20, 45 होतात की!"

होत नाहीत. दोन दिव्यांगत्वं एकत्र मोजताना सरळ बेरीज करत नाहीत. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये त्यासाठी सूत्र आहे. मोठा आकडा तसाच घ्यायचा. 90 मधून तो वजा करायचा, उरेल त्याला लहान आकड्याने गुणायचं, 90 ने भागायचं आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. करून बघा. 90 वजा 25 म्हणजे 65. गुणिले 20, भागिले 90, म्हणजे 14.4. त्यात 25 मिळवले की 39.4.

डॉक्टरांनी टक्का चोरला नव्हता. कुणी पैसेही मागितले नव्हते. पण ही चार ओळींची आकडेमोड प्रमाणपत्राबरोबर कुणी समजावून दिली असती, तर एका घरात दोन महिने शिव्याशाप चालले नसते.

तरी एक प्रश्न राहतोच. सूत्र बरोबर, पण मुळातले 25 आणि 20 बरोबर आहेत का? सांधा किती वाकतो हे मोजायला गोनिओमीटर नावाचं साधन असतं. आपल्या कंपासपेटीतला कोनमापकच, पण दोन पट्ट्यांचा. व्हरांड्यातल्या त्या दोन मिनिटांत ते कुणी बाहेर काढलंच नव्हतं.

दुसरं मत हा हक्क आहे

याच कायद्याच्या कलम 59 मध्ये अपील आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही, तर राज्य सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. मी क्लासमध्ये विचारलं, हे किती जणांना माहीत आहे? चाळीस जणांच्या वर्गात एकही हात वर नाही. मलाही मित्रामुळेच कळलं.

त्याने अपील केलं. चार महिन्यांनी त्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये बोलावलं. वडिलांच्या कामाचा आणखी एक खाडा, पुन्हा पहाटेची एसटी. या वेळी तपासणी पाऊण तास चालली. प्रत्येक सांधा गोनिओमीटरने मोजला, ऑपरेशनचे जुने कागद वाचले. निकाल आला तो असा. पाय 24, हात 21. सूत्रात घालून बघा, पुन्हा 39.4!

तुम्हाला वाटलं असेल, आता 42 येणार आणि गोष्ट गोड होणार. मलाही वाटलं होतं. पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं, "तीन तासांचा पेपर लिहून होतो का रे?" होत नव्हताच. तासाभराने मनगट सोडून द्यायचं, शेवटचे दोन प्रश्न कायम कोरे. मॅडम म्हणाल्या, "मग त्याचा वेगळा दाखला घे."

2021 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने यूपीएससीच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सांगितलं होतं की, परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी 40 टक्क्यांची अट घालता येणार नाही. त्यानंतर 2022 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने नियमावली काढली. दिव्यांगत्व 40 पेक्षा कमी असलं, पण लिहायला अडचण असल्याचा सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला असला, तर लेखनिक किंवा तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ मिळू शकतो. मागच्या सेमिस्टरला माझ्या मित्राने तीन तासांचा पेपर चार तासांत लिहिला. सगळे प्रश्न सोडवले.

राखीव जागा त्याला मिळाली नाही, ती मिळणारही नाही. पण तो आता म्हणतो, "39 का, हे मला माहितीये." पहिल्या बोर्डाने त्याला आकडा दिला होता. दुसऱ्याने त्याला तपासलं.

सुप्रीम कोर्ट, पुणे आणि एक एमबीबीएसची सीट

दुसऱ्या मताने कधीकधी निकालच फिरतो. 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला एमबीबीएसला प्रवेश हवा होता. त्याला बोलण्यासंबंधीचं दिव्यांगत्व होतं, साधारण 45 टक्के. 40 च्या वर, म्हणजे राखीव जागेला पात्र. पण मेडिकलच्या नियमांत उलटी रेष होती. बोलण्याचं दिव्यांगत्व 40 किंवा जास्त असेल तर एमबीबीएसलाच अपात्र! एकाच आकड्याने त्याला दारात आणलं आणि त्याच आकड्याने बाहेर काढलं.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजच्या डीनना नवीन बोर्ड नेमायला सांगितलं आणि प्रश्न बदलला. टक्के किती, हे विचारलं नाही. या मुलाला डॉक्टरकीचं शिक्षण घेताना हे दिव्यांगत्व आड येईल का, एवढंच विचारलं. बोर्ड म्हणालं, नाही येणार. मुलाला सीट मिळाली. 15 ऑक्टोबर 2024 च्या सविस्तर निकालात कोर्टाने म्हटलं की नुसत्या आकड्यावर कुणाला बाद करता येणार नाही, आणि बोर्डाने नकार दिला तर कारणं द्यावी लागतील. अपिलाची वेगळी यंत्रणा उभी राहीपर्यंत असे नकार कोर्टात नेता येतील आणि कोर्टाने विद्यार्थ्याला नामांकित वैद्यकीय संस्थेकडे स्वतंत्र मतासाठी पाठवावं, असंही त्यात आहे.

"पण खोटी प्रमाणपत्रं?"

हा प्रश्न तुमच्या डोक्यात आला असणारच. 2024 मध्येच पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या प्रकरणानंतर दिव्यांग प्रमाणपत्रांवर देशभर चर्चा झाली. तेव्हापासून कट्ट्यावर कुणी दिव्यांग कोट्यातून आलं म्हटलं की एकजण तरी हळूच विचारतो, "खरं का?" फसवणूक होते. त्यासाठी कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे. फेरतपासणी व्हायलाच हवी.

पण गंमत बघा. फेरतपासणी म्हटलं की आपल्याला फक्त चोर पकडणं आठवतं. संशय आला की सरकार दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवतं. मग अन्याय झाला असं वाटलं की माणसालाही तितक्याच सहज दुसऱ्या डॉक्टरकडे जाता यायला हवं ना?

आणि ते दुसरे डॉक्टर खरंच स्वतंत्र हवेत. पहिल्यांच्या हाताखालचे नकोत. सिकलसेलचंच उदाहरण घ्या. विदर्भात हा आजार असलेली पुष्कळ मुलं आहेत. बोर्डाच्या दिवशी मुलगा नीट चालत येतो, आठवड्याने वेदनेने अॅडमिट असतो. त्या एका सकाळचा फोटो काढून त्याचं वर्ष कसं मोजणार? जुने कागद वाचणारा, घाई नसलेला कुणीतरी लागतो. ब्रिटनमध्ये दिव्यांगांच्या भत्त्यावरचं अपील स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे चालतं. तिथे न्यायाधीशाबरोबर एक डॉक्टर आणि दिव्यांगत्वाचा अनुभव असलेली एक व्यक्ती बसते. गेली अनेक वर्षं सुनावणीपर्यंत पोचलेल्या अशा अपिलांपैकी निम्म्याहून जास्त अर्जदारांच्या बाजूने लागतात. पहिली तपासणी किती वेळा चुकते, हे यावरून कळतं.

आपल्याकडे अपील कागदावर आहे. पण माझ्या मित्राच्या प्रमाणपत्रावर त्याबद्दल एक ओळही नव्हती. मार्कशीटमागे रिव्हॅल्युएशनचे नियम छापतात, तशी ती ओळ प्रत्येक प्रमाणपत्रावर का असू नये?

तुमच्या वर्गात असं कुणी असेल तर एवढं सांगा:

• तपासणीला जाताना ऑपरेशनचे, अॅडमिट झाल्याचे, थेरपीचे सगळे जुने कागद तारखेनुसार लावून न्या. 
• आकडा पटला नाही तर आधी मोजणीचा तपशील लेखी मागा. अर्जाची पोच घ्या. 
• अर्ज नाकारला असेल तर कारण लेखी मिळणं हा हक्क आहे. 
• कलम 59 खाली अपील करता येतं. वेळ घालवू नका, मुदतीची चौकशी लगेच करा. 
• 40 च्या आत असाल तरी लिहायला अडचण असेल, तर लेखनिक आणि जादा वेळेबद्दल कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारा. 
• एजंटला पैसे देऊ नका. अर्ज यूडीआयडीच्या पोर्टलवर स्वतः भरता येतो.

माझ्या मित्राचे वडील परवा हॉस्टेलवर आले होते. गावातल्या आणखी एका मुलाचं प्रमाणपत्र आलंय म्हणे, 37 टक्क्यांचं. काकांनी खिशातून कागद काढला, पेन मागितलं आणि मला म्हणाले, "ते 90 चं गणित परत एकदा लिहून दे. त्याच्या बापाला समजावतो."